सूर्यास्तानंतरचा रेफ्रिजरेटर

जळगाव,
२२ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

अभिमनचा साष्टांग नमस्कार. तुम्ही धुळ्याला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर आहात, म्हणून हे पत्र. घाईत वाचू नये.

आमचे शेठ गौतमचंदजी कुटुंबासह मारवाडात लग्नाला गेले आहेत, ते आखाजीच्या आदल्या दिवशी परत येतील. घरी त्यांच्या आई सुगनबाई एकट्याच आहेत. मी त्यांना मांजी म्हणतो. त्यांचं वर्षीतप चालू आहे, म्हणजे वर्षभर एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. त्याचं पारणं अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीलाच येतं. मी दुकानात निजतो आणि सकाळी सातला घरी जाऊन पाणी, सरपण, भाजी बघतो.

घराच्या माजघरात रेफ्रिजरेटर आहे. (शब्द दारावरच्या पट्टीवरून उतरवून घेतला आहे, चूक नसावी.) आखाजीनंतर शेठ विजेच्या वस्तूंचं नवीन दुकान काढणार आहेत. निघताना मला म्हणाले, "अभिमन, कापड मोजायला कोणीही मिळतं. पारण्याला गावोगावचे पाहुणे येतील. सकाळी काढलेला आमरस दुपारी त्यांच्या पानात थंडगार पडला, तर नव्या दुकानातलं दुरुस्तीचं टेबल तुझं. नाही पडला, तर बायकोचा भाचा अभयकुमार नाशिकला कोर्स करून बसलाच आहे." आमरस आदल्या दिवशी काढून ठेवता येत नाही. या घरात शिळं खात नाहीत. म्हणजे यंत्र सकाळीच गार असायला हवं.

आणि ते सकाळी गार नसतं. शेठच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी चारला एक वाटी दूध परीक्षेसाठी ठेवतो. सकाळी ते आंबलेलं असतं आणि खाली फरशीवर पाणी असतं. काल मोजलं, दीड तांब्या भरलं.

मी नववीपर्यंत शिकलो. दुरुस्तीचं टेबल मला दुसऱ्यांदा कोणी देणार नाही. काय करावं, क्रमाने लिहावं.

आपला,
अभिमन

*

धुळे,
२८ फेब्रुवारी

चि. अभिमन यास आशीर्वाद.

पत्र पावलं. तू एवढं सुवाच्य लिहितोस की वाचताना आपणच आजारी आहोत असं वाटतं. घाबरू नको, मशीन ते मशीन.

सगळ्यात आधी पिन भिंतीतून उपटायची. नुसतं बटण बंद करून हात घालायचा नाही. उपटलेली पिन डोळ्यांसमोर राहील अशी ठेवायची. पायाखाली कोरडा पाट घे. मग कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढ. मागे काळ्या नळ्यांची जाळी दिसेल. आतली गरमी त्या जाळीतून बाहेर पडते. तिच्यावर घाण बसली तर गरमी जाणार कुठून? मऊ ब्रशाने वरून खाली झाड. नळी वाकवू नको. पाणी मारू नको.

आत बर्फ साचला असेल तर सुरीने खरवडू नको. इथे एका हॉटेलवाल्याने पेचकसाने बर्फ फोडला. सुईएवढं भोक पडलं, फुस्स झालं, आता त्या कपाटात तो पापड ठेवतो.

आणि गॅस. अमोनिया म्हणजे मस्करी नाही. तोंडानाकावर ओला पांढरा फडका घट्ट बांध. डोळे चुरचुरले तर म्हातारीला घेऊन आधी बाहेर पळ, विचार नंतर कर.

हिलाल

*

जळगाव,
७ मार्च १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

साष्टांग नमस्कार. आपल्या पत्राप्रमाणे सर्व केलं. पिन उपटून मांजींच्या समोर चौरंगावर ठेवली आणि "हिच्यावर लक्ष असू द्या" असं सांगितलं. त्यांनी तिला हळदकुंकू वाहायचं का ते विचारलं. मी नाही म्हणालो.

मागे कापूस होता. दोन बोटं जाड. शेठच्या घरामागे कापसाचं जिनिंग आहे, मोसमात हवेत कापूस उडतो हे माहीत होतं, पण तो जाळीवर एवढा बसला असेल असं वाटलं नव्हतं. यंत्राने रजई पांघरली होती. सगळा कापूस काढायला दोन तास लागले. त्यात एक कोळी होता. मांजींच्या आज्ञेवरून त्याला कागदावर घेऊन परसात सोडला. तो परत आला. परत सोडला.

आता एक गोष्ट घडली ती लिहितो. तोंडाला ओला पांढरा फडका आणि हातात मऊ ब्रश, अशा वेशात मी जाळी झाडत होतो. यांच्या पंथाच्या जैन साधूंच्या तोंडावर अशीच पांढरी पट्टी असते आणि हातात लोकरीचा मऊ झाडू असतो, जीवजंतू दुखावू नयेत म्हणून. मांजी बराच वेळ बघत राहिल्या. मग शेजारच्या हीराबाईंना बोलावून म्हणाल्या, "बघ, कोणी सांगितलं नाही, आपसूक आलं याला." मी फडक्यातून खुलासा केला, पण फडका घट्ट होता. हीराबाईंनी विचारलं, "दीक्षा कधी?" फडका सोडेपर्यंत आणखी चार बायका आल्या होत्या. मांजींचे डोळे भरले होते. त्या वेळी अमोनियाचं सांगणं मला बरं दिसलं नाही.

त्यांनी मला सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम दिला. मी घेतला. खानावळ आठला उघडते. मी आता सकाळची भाकरी दुकानातच साडेपाचला खातो.

यंत्राचं म्हणाल तर दिवसा फारच सुधारणा आहे. दुपारी बाराला वरच्या कप्प्यात ठेवलेलं पाणी चारला गोठलं. पण सकाळी पुन्हा खाली पाणी आणि दूध आंबलेलं. असं का?

आपला,
अभिमन

*

धुळे,
१२ मार्च

चि. अभिमन,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं. आमचे मोतीलाल मिस्तरी हसून हसून बर्फाच्या लादीवर बसले आणि चटका लागून उठले. त्यांना सहज विचारलं तर म्हणाले, "अरे, हाई घरनं मशीन शे, कारखानानं नही. त्यात अमोनिया राहत नाही. त्यातल्या गॅसला वास नाही, आणि तो बंद नळीत असतो. नळी फोडली नाही तर फडका कशाला?" तेव्हा फडका सोड. दीक्षा घेऊ नको, मुलगा साधू झाला तर काकू मला मारेल.

सकाळी पाणी म्हणजे रात्री गरमी आत शिरते. दाराच्या रबराची परीक्षा कर. दारात कागद धरून दार लाव आणि कागद ओढ. अडला तर ठीक, सरकला तर तिथून हवा जाते. रबर कोमट सोड्याच्या पाण्याने पूस, कोरडं कर. आतला बर्फ एकदा पुरता वितळव. पिन उपट, दार उघडं ठेव, कोमट पाण्याचं पातेलं आत ठेव आणि स्वस्थ बस. पुन्हा चालू करताना सगळं कोरडं कर. आणि एकदा बंद केलं की पाच मिनिटं तरी चालू करायचं नाही, लगेच केलं तर मोटरवर ताण येतो.

हिलाल

*

जळगाव,
२४ मार्च १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

साष्टांग नमस्कार. जुन्या पावतीपुस्तकाच्या कागदाने चारही बाजू तपासल्या. डावीकडे खाली कागद सरकला. तिथे रबराच्या घडीत गुळाचा चिकटा होता. पुसल्यावर कागद असा अडला की फाटला.

बर्फ वितळवताना मी माझे हात स्वतःच्याच पाठीमागे बांधून बसलो, कारण अर्ध्या तासानंतर बर्फ उचकटावासा वाटतो. मांजी म्हणाल्या, "ध्यान चांगलं लागतं तुझं." तीन तास लागले.

सकाळी पुन्हा पाणी. आज सव्वा तांब्या.

शेठचं पत्र आलं आहे. अभयकुमारला सोबत आणत आहेत. लिहितात, "तुझ्याने होत नसेल तर आताच सांग, लाज कसली." मी अजून उत्तर दिलेलं नाही. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. एकदा तर "माझ्याने होत नाही" हे शब्द फार छान अक्षरात आले होते.

आपला,
अभिमन

*

(पोस्टकार्ड)
धुळे, २९ मार्च

अभिमन, मशीन दिवसा धड आणि रात्री आजारी, असं नसतं. माणसाचं असतं. तू सकाळी जातोस, दुपारी जातोस. संध्याकाळी तिथे काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघ. — हिलाल

*

जळगाव,
४ एप्रिल १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

साष्टांग नमस्कार. बघितलं.

काल मुनीमजींना पोट दुखतं असं सांगून (पोट खरंच दुखत होतं, काळजीने) मी साडेसहाला घरी गेलो. ऊन परसाच्या भिंतीवर शेवटचं होतं. मांजी माजघरात आल्या, रेफ्रिजरेटरसमोर हात जोडून उभ्या राहिल्या, ओठांत काही म्हणाल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. यंत्र थरथरून गप्प झालं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आलास? बरं झालं. दिवस बुडाला, यालाही नेम दिला."

मी विचारलं, "मांजी, रोज देता?"

"रोज. सकाळी सूर्य उगवला की सोडवते. अरे, रात्रभर गुरगुरतं ते. गुरगुरतं म्हणजे काहीतरी खातंच असणार. आपल्या घरात रात्री कोणी खात नाही. तू नाही, मी नाही, मग यालाच का पाप लावायचं?"

मी त्यांना मागे नेलं. जाळी अजून ऊन होती. त्यांचा हात तिच्याजवळ धरायला लावला आणि तुमच्या पत्रातलं सगळं सांगितलं, की हे गारवा करत नाही, आतली ऊब उचलून बाहेर टाकतं, एवढंच काम.

मांजी विचारात पडल्या. म्हणाल्या, "म्हणजे हे घेत नाही. देतं."

"हो मांजी."

"देणं रात्री चालतं. मग राहू दे चालू."

भाऊ, काम झालं होतं. मी पाच मिनिटं थांबून बटण लावणारच होतो. पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या तपातल्या बाईला अर्धवट सांगणं बरं नाही. म्हणून म्हणालो, "फक्त वीज तेवढी खातं."

मांजी म्हणाल्या, "खातं ना? मग झालं."

आखाजीला चोवीस दिवस राहिले. शेठला सांगावं, तर आईची चुगली होते, तीही वर्षभर उपाशी असलेल्या आईची. न सांगावं, तर टेबल जातं. काय करू?

आपला,
अभिमन

*

धुळे,
८ एप्रिल

अभिमन, तुझ्या जिभेला आधी कुलूप लाव.

सोपं आहे. मागून दुसरी वायर काढ आणि कपाट तिच्यावर लाव. बटणावर नुसता एक दिवा ठेव. म्हातारी बटण दाबेल, दिवा विझेल, तिचं समाधान. मशीन चालू. गुरगुर ऐकू आली तर म्हण, जिनिंगमधून येते.

हिलाल

*

जळगाव,
१२ एप्रिल १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

नमस्कार. आपण मोठे आहात म्हणून राग मानू नये. पण तसं मी करणार नाही. अशी लपवलेली वायर उद्या कोणाला दिसली नाही आणि कोणी बटण बंद आहे म्हणून ओल्या हाताने मागे शिवलं, तर काय होईल? आपणच लिहिलं होतं की नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नये.

दुसरं कारण असं, की त्या यंत्राला नेम देताना मांजी डोळे मिटतात. डोळे मिटलेल्या माणसाला फसवणं मला जमणार नाही.

रात्री वीज न लावता गारवा टिकवायचा काही मार्ग आपल्या माहितीत असेल तर लिहावा. नसेल तर मी शेठला तेच पत्र पाठवतो. अक्षर छान आहे, फाडलेलं जुळवून ठेवलं आहे.

अभिमन

*

धुळे,
१६ एप्रिल

चि. अभिमन,

आता मी खरं सांगतो. काकूला कळवू नको.

मी मशीनवर नाही. कधीच नव्हतो. मशीनवर मोतीलाल मिस्तरी आहेत. मी भुशावर आहे. लाद्या निघाल्या की त्यांच्यावर लाकडाचा भुसा घालायचा, गोणपाट गुंडाळायचं, दोंडाईच्याच्या आणि शिरपूरच्या गाडीत चढवायचं. सहा वर्षं हेच. आजवर तुला लिहिलं ते सगळं मिस्तरींना विडी पाजून विचारलेलं.

पण वीज नसताना बर्फ टिकवायचा म्हणशील, तर ते मिस्तरींना काय ठाऊक? ते मला ठाऊक आहे. वैशाखात उघड्या ट्रकमधून लादी शिरपूरला जाते ती मशीनने नाही, माझ्या हाताने.

नीट ऐक. सकाळी म्हातारी बटण लावेल तेव्हा आतला गारव्याचा खटका सगळ्यात जोरावर ने. वरच्या कप्प्यात पाण्याच्या वाट्या आणि डबे दाटीने भर, दिवसभरात दगड होऊ दे. खालच्या कप्प्यांत पाण्याच्या बाटल्या भर. रिकामी जागा सोडू नको, रिकाम्या जागेत गरमी येऊन बसते. दुपारनंतर दार उघडायचं नाही, देवाने सांगितलं तरी. दिवस बुडाला, बटण बंद झालं, की पिन काढ आणि वरून गोधडी, तिच्यावर कोरडं गोणपाट, दाराच्या फटीवर दुहेरी. मागची बाजूही झाक. पण सकाळी बटण लावण्याआधी गोधडी-गोणपाट बठ्ठं काढायचं. झाकलेल्या जाळीवर मशीन लावलं तर ते मरेल.

तुझी जाळी साफ आहे, रबर धड आहे. टिकेल.

भुसेवाला हिलाल

*

जळगाव,
३० एप्रिल १९७१

तीर्थरूप हिलालभाऊंस,

साष्टांग नमस्कार. आपण भुशावर आहात याचा मला अभिमान वाटला, आणि हे मी वेळेवर लिहायला हवं होतं. पण रोज सकाळी बर्फ बघण्यात वेळ गेला. पहिल्या दिवशी पाणी अर्धा तांब्या. चौथ्या दिवशी पेलाभर. आठव्या दिवशी फरशी कोरडी आणि दूध गोड. मांजींना सर्व सांगूनच केलं. गोणपाट पाहून त्या म्हणाल्या, "उपाशी माणसाला थंडी वाजतेच."

२७ तारखेला संध्याकाळी सातला शेठ आले. मांजी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्या होत्या. त्या वेळात त्या घटकाभर बोलत नाहीत. अभयकुमार सरळ माजघरात गेला. पायात बूट. गोणपाट बघून मला म्हणाला, "काय रे, ताप आलाय का याला? काढा दिलास?" आणि दाराला हात घातला.

मी मध्ये उभा राहिलो. म्हणालो, "आता उघडू नका. सकाळी उघडा."

तो शेठना म्हणाला, "मामा, मोटर जळली आहे. म्हणून हा दाखवत नाही."

शेठनी विचारलं, "बंद कोणी केलं?"

मी म्हणालो, "बटण बंद आहे."

"ते मला दिसतंय. कोणी केलं?"

मांजी समोर डोळे मिटून बसल्या होत्या. मी जमिनीकडे बघत राहिलो. शेठ फार थकले होते, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "परवापासून मीटरपट्टी घे हातात. उद्या हे अभयकुमार बघेल." मी दुकानात गेलो आणि ते पत्र काढून तारीख घातली.

सकाळी सूर्य उगवायच्या आधी तिथे होतो. शेठ उठलेले होते. मांजी आल्या. वर्षीतपाचा शेवटचा उपास झालेला, चालताना भिंतीचा आधार घेत होत्या. त्यांनी स्वतः गोणपाट काढलं, गोधडीची घडी केली, मागे हात घालून जाळी मोकळी आहे ना ते पाहिलं, पिन लावली, बटण दाबलं. शेठ बघतच राहिले.

"मा, तुम्ही?"

"मग कोण? रोज मीच देते याला नेम. या मुलाला तुझ्या दुकानासाठी हे रात्री चालायला हवं होतं, तरी त्याने माझ्याशी एक खोटं केलं नाही. काल तू विचारलंस तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला ऐकू येत होतं."

अभयकुमारने दार उघडलं. वाट्यांतला बर्फ कडेला थोडा सुटला होता, मध्ये दगड होता. त्याने आत हात घातला, काढला, रुमालाला पुसला आणि म्हणाला, "कंपनी चांगली आहे."

साडेसातला आमरस आत गेला. मांजींनी उसाचा रस घेऊन पारणं केलं. दुपारी पंगत बसली, आणि पहिल्या घासाला थंडगार रस लागताच पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

पण भाऊ, खरी गोष्ट पुढे झाली. जेवणानंतर म्हाताऱ्या बायका माजघरात जमल्या. दोंडाईच्याच्या धनकुंवरबाई मांजींना म्हणाल्या, "मुलगा दोन वर्षं मागे लागलाय. मी म्हटलं, रात्रभर चरणारी वस्तू माझ्या घरात नको. हे रात्री उपाशी राहतं म्हणतेस?" मांजी म्हणाल्या, "या मुलाला कळल्यापासूनच पंचवीस रात्री झाल्या. त्याला विचार."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे यंत्र रात्रंदिवस चालण्यासाठीच केलेलं आहे, रात्री बंद ठेवलं तर गारवा कमी राहतो, आणि दूध-भाजी त्याच दिवशी संपवावी लागते. शेठ मागे उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

धनकुंवरबाई म्हणाल्या, "त्याच दिवशीच संपवतो आम्ही. ठेवतंय कोण?"

संध्याकाळपर्यंत तीन घरांनी रेफ्रिजरेटर मागितले: दोंडाईचा, शिरपूर आणि धुळे. तिन्ही ठिकाणी मागणाऱ्या सासवाच आहेत, आणि तिघींची अट एकच, की झाकायचं कसं ते शिकवायला हाच मुलगा यावा. मुलगे उभे राहून ऐकत होते. शेठ मला परसात घेऊन गेले. मग म्हणाले, "दोन वर्षं मी या बायकांना कॅटलॉग दाखवतोय. टेबल खिडकीशी हवंय की दाराशी?"

मी खिडकीशी म्हणालो. अभयकुमार रेडिओ बघणार आहे.

शेठ आपल्याबद्दलही विचारत होते. गोणपाट बांधायला जाणता माणूस हवा आहे, आणि मी आपलं नाव सांगितलं. मशीनवर आहात असं सांगितलं नाही.

एक अडचण आहे. शिरपूरच्या बाई विचारतात की पर्युषणाचे आठही दिवस ते पूर्ण बंद ठेवायचं झालं तर काय करावं? मी "विचारून कळवतो" म्हणालो. आठ दिवसांना भुसा किती पोती लागेल, ते लिहावं.

आपला,
अभिमन

*

(पोस्टकार्ड)
धुळे, ५ मे

चि. अभिमन, आठ दिवसांना भुसा लागत नाही. सगळं काढून आत कोरडं पुसायचं, पिन उपटायची, आणि दार मिटणार नाही असा लाकडाचा तुकडा फटीत ठेवायचा, म्हणजे कुबट वास येत नाही. हे मी कोणाला न विचारता सांगतो आहे. शेठना सांग, सोमवारी येतो. पण मांजींना आधीच कळव की हा माणूस रात्री जेवतो, आणि दोनदा वाढून घेतो. — हिलाल